प्रोमोदादा

प्रोमोदादा बोलताना पापणी लववत नसे. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून तो असा बोलायचा की नुसतं "दळण आणायला चाललोय" म्हणाला तरी वाटावं, आज गिरणीवाल्याचं काही खरं नाही. आमच्या खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या बायका वैतागून म्हणायच्या, "अरे शिरीष, जरा इकडेतिकडे बघत बोल की!" तो बघायचा नाही. वाक्य संपलं की मगच एकदा डोळे मिटायचा, हनुवटी वर करायचा आणि चालू लागायचा. पाठीवर दळणाचा डबा असला तरी चाल मात्र जिंकून आल्यासारखी.

हे त्याने उचललं होतं ते टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्यांमधून. नव्वदीच्या सुरुवातीला क्वार्टर्समध्ये केबल आली आणि रविवारी दुपारी चमकत्या चड्ड्या घातलेले अवाढव्य पैलवान आमच्या घरात येऊ लागले. लढतीआधी पैलवान माइकसमोर उभा राहून प्रतिस्पर्ध्याला जगासमक्ष धमकावतो, त्याला प्रोमो म्हणतात, हे आम्हा पोरांना शिरीषदादानेच सांगितलं. तो कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत जायचा, त्यामुळे त्याला ते बोलणं थोडंफार कळायचं. मैदानावर विटांच्या ढिगावर उभा राहून तो मागच्या रविवारचे प्रोमो मराठीत करून दाखवायचा. तेव्हापासून तो प्रोमोदादा. त्याच्या घरी कोणी शिरीष म्हणून हाक मारली तर त्यालाच आधी क्षणभर विचार करावा लागायचा, इतकं ते नाव चिकटलं.

तो कुस्त्या बघायला यायचा आमच्याकडे. त्याच्या घरी टीव्ही होता, पण त्याचे वडील, नाना, कारखान्याच्या ऑफिसात होते आणि फार शिस्तीचे. "माणसं माणसांना आपटतायत हे बघायला टीव्ही कशाला? रेशनच्या रांगेत जा," असं त्यांचं म्हणणं. माझे बाबा त्याच कारखान्यात, पण कामगार, हातात हत्यार धरणारे. त्यांना कुस्ती कुठलीही चालायची. दादा दारात दिसला की ते कॉटवर थोडं सरकायचे. झालं, दादाची जागा झाली.

बाबांचा उजवा कान लहानपणीच फुटलेला होता. त्या कानाने काहीही ऐकू येत नसे आणि डाव्यालाही जेमतेम. कुस्ती बघायला कान लागत नाहीत, पण प्रोमो सुरू झाला की बाबा बेचैन व्हायचे. लाल तोंडाचा तो माणूस बोट नाचवून एवढं काय सांगतोय, हे त्यांना कळायला हवं असायचं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलेली असायचे. ते माझ्या फ्रॉकला हलकेच ओढून विचारायचे, "काय म्हणतोय तो?"

मला कुठे इंग्रजी येत होतं! दादाकडे बघितलं की तो एखादा शब्द पुरवायचा, "म्हणतोय, पुढच्या रविवारी," किंवा "आईवरून काहीतरी." उरलेलं मी बनवायचे आणि बाबांच्या कानाला तोंड लावून ओरडायचे. नारिंगी कपड्यांतल्या एका ढेरपोट्याचं नाव आम्ही भोपळ्या ठेवलं होतं. त्याच्यावरचा माझा प्रोमो पुढे अख्ख्या क्वार्टर्सला पाठ झाला. "ए भोपळ्या! पँट चमकते म्हणून पैलवान झालास होय? ये रविवारी रेंजहिलला! तुला असा आपटीन, असा आपटीन, की तुझी आई विचारेल हा कोणाचा मुलगा!" बाबा खदाखदा हसायचे. पडद्यावरचा गोरा माणूस आमच्या खडकीतल्या रेंजहिलला कशाला येईल, हे त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे! पण दर रविवारी ते तितक्याच गंभीरपणे विचारायचे आणि मी तितक्याच गंभीरपणे सांगायचे.

दादाचा एक आवडता प्रश्न होता, "लागलं का?" या कुस्त्या ठरवून केलेल्या असतात, हे आम्हाला शाळेत कोणीतरी सांगितलं त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. दादाला काहीच वाटलं नाही. "खरं का खोटं ते सोड," तो म्हणाला, "बघताना तुला लागलं का? लागलं ना? मग झालं तर." तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं.

मग क्वार्टर्स सुटल्या. बाबा निवृत्त झाले, आम्ही तिथून जवळच फ्लॅट घेतला, मी बँकेत लागले. दादा कुठल्या कुठल्या कंपन्यांत विक्रीचं काम करत राहिला, मग लग्न, मग घटस्फोट, असं अधूनमधून कानावर यायचं. बाबा गेले तेव्हा तो भेटायला आला. कपाळ मोठं झालं होतं, पण नजर तीच. आईसमोर तो फार बोलला नाही. निघताना जिन्यात मला म्हणाला, "मंजू, आपण त्या सगळ्या मॅच परत बघूया का गं? काका असते तर बघितल्या असत्या."

असं ते सुरू झालं. तो तेव्हा नानांना घेऊन कसबा पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होता. बाहेरच्या खोलीत एक सोफा, समोर लॅपटॉप आणि एक मोबाइल स्टँडवर लावलेला. रविवारी मी बसने जायचे. आम्ही एक जुनी लढत लावायचो, थांबवत थांबवत बघायचो, बोलायचो, आणि ते सगळं मराठीतून चॅनेलवर टाकायचो. चॅनेलचं नाव "रविवारची कुस्ती". खाली तांब्याची भांडी ठोकणारे होते. त्यांची ठकठक सुरू असली की काही रेकॉर्ड करता यायचं नाही. ते जेवायला गेले की आम्ही घाईने सुरू करायचो आणि ते परत आले की वाक्य अर्धवट सोडून थांबायचो. नाना आतल्या खोलीतून म्हणायचे, "त्यांचा ठोका तरी भांड्याला लागतो."

दादा कुस्ती बघायचा तशी कुस्ती बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सगळे जिंकणाऱ्याकडे बघतात, तो म्हणायचा, "पडणाऱ्याकडे बघ." आणि लढत मागे नेऊन दाखवायचा. उचलला गेलेला पैलवान स्वतःच कशी किंचित उडी मारतो, उचलणारा त्याची मान कशी हाताने जपतो, पडताना तळहात कसा जमिनीवर मारतो, म्हणजे आवाज मोठा आणि मार कमी. "हा जो पडतोय ना, त्याने आपली मान दुसऱ्याच्या हातात दिलीय. तो दुसरा जर हलकट निघाला तर हा आयुष्यभर खुर्चीत." मग तो लढतीला मार्क द्यायचा. पास, काठावर पास, किंवा ऑक्टोबरला बसा. प्रोमोला वेगळे मार्क. मोठ्यांदा ओरडणाऱ्यांना तो हमखास नापास करायचा. "आवाज खाली आणायला हवा होता इथे," तो व्हिडिओ थांबवून म्हणायचा. "सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हळू म्हणायचं. आणि त्याच्या आधी थांबायचं. लोक पुढे वाकले पाहिजेत."

लोकांना आमचं बोलणं आवडू लागलं. फार मोठी संख्या नव्हती, पण प्रेमाने लिहिणारे होते. अमरावतीकडून पुण्याला नोकरीला आलेल्या मुलांना घरची दुपार आठवायची. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "आपला कार्यक्रम बरा असतो. बाईंना अधिक बोलू द्यावे." दादाने ते छापून भिंतीवर लावलं आणि त्यानंतर खरोखर मला अधिक बोलू दिलं. हे मला त्याच्याबद्दल आजही सांगितलं पाहिजे. तो वाईट जोडीदार नव्हता. निदान मला तसं कधी वाटलं नाही.

एका रविवारी भांडीवाल्यांना कुठलीशी मोठी ऑर्डर होती आणि ठकठक थांबेचना. आम्ही चहा घेऊन बसून राहिलो. बाबांचा विषय निघाला आणि मी दादाला ते सांगितलं जे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

बाबा हॉस्पिटलमध्ये शेवटचे काही दिवस गुंगीतच होते. आई त्यांच्या उशाशी बसून होती, हलायला तयार नव्हती. त्या संध्याकाळी मी जवळजवळ भांडून तिला खाली चहा प्यायला पाठवलं. ती गेली आणि थोड्याच वेळात बाबांनी डोळे उघडले. अगदी स्वच्छ. भिंतीवर एक टीव्ही होता, आवाज बंद केलेला. कोणीतरी कोटवाला माणूस हातवारे करून बोलत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझी ओढणी ओढली आणि म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

मी वाकले आणि त्यांच्या डाव्या कानात, वॉर्डातल्या माणसांची पर्वा न करता, म्हटलं, "ए भोपळ्या!" अख्खा प्रोमो म्हटला. रेंजहिलसकट. बाबा हसले. आवाज फुटला नाही, पण पोट हललं. मग त्यांनी विचारलं, "आई कुठंय तुझी?" मी ओरडून सांगितलं, "चहाला गेलीय." "पिऊ दे," म्हणाले. आणि डोळे मिटले. आई वर आली तोवर ते गेले होते.

आईला मी सांगितलं की ते झोपेतच गेले, डोळे उघडलेच नाहीत. ती एवढे दिवस बसून होती आणि नेमक्या त्याच वेळी ते जागे झाले, तिला विचारलं आणि ती नव्हती, हे तिला कसं सांगायचं? मी पाठवलं म्हणून गेली होती ती.

दादाने सगळं ऐकलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "आईला यातलं काही माहीत नाही हां. कुठे बोलू नकोस."

"अगं वेडे," तो म्हणाला, "माझ्यापाशी राहील."

त्यानंतर काही महिन्यांनी त्याला एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. हल्ली असतात तसे, मंचावर उभं राहून आपल्या आयुष्यातला एक किस्सा सांगायचा, समोर तिकीट काढून आलेली तरुण मंडळी, आणि नंतर त्याचा व्हिडिओ. दादा खूष होता आणि घाबरलाही होता. "त्यांना कुस्ती नकोय गं," तो म्हणाला. "काहीतरी वैयक्तिक पाहिजे म्हणतात. माझ्या आयुष्यात काय आहे वैयक्तिक?"

"नानांचं सांग," मी म्हटलं. "जे टीव्हीवर कुस्त्या बघू द्यायचे नाहीत, त्या नानांनाच आता तू रविवारी आतल्या खोलीत कोंडून कुस्त्या बघतोस."

तो हसला. "त्याने कोणी पुढे वाकणार नाही," म्हणाला.

कार्यक्रम झाला, तो "बरा झाला" म्हणाला, मीही फार चौकशी केली नाही. नंतर एक दिवस बँकेत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या काउंटरवरची वैशाली मोबाइल घेऊन आली. "मंजू, हा तुझ्या त्या कुस्तीच्या चॅनेलवरचाच ना गं? काय बोललाय! मी काल रडले अगदी." आणि तिने डब्याला टेकवून मोबाइल लावला.

काळ्या मंचावर प्रोमोदादा उभा होता. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. "माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते," तो म्हणाला. "त्यांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही."

मला आधी वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकते आहे. मग तो फ्रॉकऐवजी शर्ट ओढल्याचं सांगू लागला. "काय म्हणतोय तो?" हे त्याने बाबांच्याच आवाजात म्हटलं, बाबांचा आवाज त्याला छान यायचा. मग भोपळ्या आला, आणि त्यात एक शब्दही बदललेला नव्हता. लोक हसून हसून टाळ्या वाजवत होते. मग हॉस्पिटल. मग भिंतीवरचा आवाज बंद केलेला टीव्ही. तिथे त्याने आवाज खाली आणला. सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हतं. "मला विचारलं, आई कुठंय तुझी? मी म्हटलं, चहाला गेलीय." तो थांबला. किती वेळ थांबला! समोरचे लोक पुढे वाकलेले दिसत होते. मग अगदी हळू म्हणाला, "पिऊ दे."

वैशाली पुन्हा डोळे पुसत होती. "बिचारा ना?" म्हणाली. मी डब्याचं झाकण लावलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, थांबला बरोबर जागी. इतक्या रविवारी आम्ही हेच तर बघत बसलो होतो.

त्या रविवारी मी कसब्यात गेले. दार नानांनी उघडलं. नव्वदीला टेकलेले, ताठ, आणि कान असे की भांडीवाल्यांची आपसातली कुजबूजसुद्धा वरच्या मजल्यावरून ऐकायचे.

"ये," नाना म्हणाले. "दुखवट्याला आली असशील. मी गेलो म्हणे. मलाही परवाच कळलं."

दादा आतून आला. नाना त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीत जायला निघाले. दारापाशी थांबून म्हणाले, "मोकळेपणाने बोला. मला ऐकू येत नाही."

दादाने मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"दादा, ते माझे बाबा होते."

"अगं, मी तुला सांगणारच होतो. मला वाटलं तुला आवडेल. बघितलंस का लोक कसे..."

"माझे बाबा होते ते."

"माझेही होते ना थोडे!" तो एकदम म्हणाला. "त्यांच्याच कॉटवर बसून वाढलो मी. ते शब्दसुद्धा मीच पुरवायचो तुला. तुला कुठे येत होतं इंग्रजी?"

"मग तसंच सांगायचंस. शेजारचे काका होते म्हणून."

"शेजारचे काका म्हटलं की लांबचं होतं गं. लोकांना लागत नाही." हे बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "आणि खरं कुठे काय असतं मंजू? एवढी वर्षं आपण तेच बघतोय. ठरवून केलेलं असतं सगळं. तरी लागतं."

"ठरवून," मी म्हटलं. "दोघांनी मिळून ठरवलेलं असतं दादा. ज्याला पाडतात त्याला आधी विचारलेलं असतं. हे तूच शिकवलंस मला."

पहिल्यांदाच त्याने नजर वळवली. खालून ठोक्यांचा आवाज येत होता.

"आईने बघायच्या आत ते काढ," मी म्हटलं. "माझं जाऊ दे. तिला माहीत नाही, तुला सांगितलं होतं मी."

"व्हिडिओ त्या लोकांचा आहे. मी सांगतो त्यांना. नक्की सांगतो. फक्त मुंबईचा एक कार्यक्रम ठरलाय, तेवढा होऊ दे. त्यांनी हाच किस्सा मागितलाय." मग जवळ येऊन म्हणाला, "काकू कुठे असलं बघतात? माझा शब्द आहे."

मी त्याच्या शब्दावर घरी आले. दुसरं काय करणार होते? लहानपणापासून त्याच्या शब्दावरच तर मी बोलत आले होते.

पुढच्या रविवारी त्याने मला येऊ नको म्हणून कळवलं. घसा बसलाय म्हणाला. दुपारी आमच्या चॅनेलवर नवा भाग आला. मी चॅनेलच्या खात्यात शिरायला गेले तर माझा पासवर्ड चालेना. परक्या प्रेक्षकासारखा मी तो भाग बघितला. दादा सोफ्याच्या बरोबर मधोमध बसला होता. त्याने जोडीची एक जुनी लढत निवडली होती. आम्ही ती कधीची राखून ठेवली होती, सणावाराला एकत्र करू म्हणून. दोन पैलवान, वर्षानुवर्षांचे साथीदार. लढत हरतात. एक दुसऱ्याला हात देऊन उठवतो, मिठी मारतो आणि मिठीतून सुटताक्षणी त्याच्या तोंडावर फटका हाणतो.

दादाने त्या लढतीला पैकीच्या पैकी मार्क दिले. शेवटी कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "जोडी तुटते तेव्हा लोक मारणाऱ्याला शिव्या देतात. पण काही साथीदार असे असतात, आपण पुढे निघालो की मागून सदरा ओढतात. त्यांचं काय करायचं?" थांबला. आवाज खाली आणला. "त्यांना तिथेच सोडायचं."

खाली लोकांनी लिहिलं होतं, जबरदस्त प्रोमो. एकाने विचारलं होतं, ताई दिसत नाहीत? त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या गृहस्थांनी मात्र एवढंच लिहिलं होतं, "बाई नाहीत. कार्यक्रम बघणे बंद करीत आहे." त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

मी त्याला फोन केले. त्याने उचलले नाहीत. मग नानांचा फोन आला. "तो मुंबईला गेलाय," म्हणाले. मग म्हणाले, "तुझे वडील माझ्यापेक्षा बरे होते, हे मला माहीत होतं गं. पण त्याने बदलूनच टाकावं?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी बँकेतून घरी आले तर आई दिवा न लावता बसली होती. तिच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तिला मोबाइलवर दाखवलं होतं. अहो, तुमच्या क्वार्टर्समधलाच ना हा मुलगा, म्हणून. तिने तिथे बसून सगळं बघितलं आणि चालत घरी आली.

मी चपला काढत होते तेव्हा ती म्हणाली, "उजवा. डावा नव्हता. तेवढं तरी नीट सांगायचं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"म्हणजे जागे होते," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलं त्यांनी."

"हो, आई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं होतं ती खाली गेल्याबद्दल स्वतःला बोल लावेल. तसं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, "त्या हॉलमधल्या माणसांना कळलं. मोबाइलवर बघणाऱ्या माणसांना कळलं. मंडळातल्या बायकांना माझ्याआधी कळलं, त्यांनी आधी बघितलेलं होतं. मग मला कळलं."

मी तिला सांगितलं, का लपवलं ते. तिने ऐकून घेतलं. "मला चाललं असतं गं," एवढंच म्हणाली. "पिऊ दे म्हणाले ना? मग मला चाललं असतं."

दादाचं नाव तिने तेव्हा घेतलं नाही आणि नंतरही घेतलं नाही. तिच्यापुरता तो क्वार्टर्समधूनच पुसला गेला. माझ्यापुरता तसा पुसला जात नाही. कुठेही कोणी पडताना दिसलं की माझी नजर अजून सांभाळणाऱ्याच्या हाताकडे जाते. ते डोळे त्याने दिलेले आहेत, ते परत करता येत नाहीत. तो किस्सा आता बऱ्याच ठिकाणी सांगतो म्हणतात. लोकांना लागतो. मी त्याच्याकडे पुन्हा गेले नाही.

त्या संध्याकाळी मी उठून दिवा लावला, भात टाकला. जेवताना आई एकदम म्हणाली, "काय म्हणायचीस गं तू त्यांच्या कानात? मी आपली स्वयंपाकघरात असायचे. नीट ऐकलंच नाही कधी. म्हण बघू."

मी ताट बाजूला सारलं, तिच्या जवळ सरकले आणि सुरुवात केली. "ए भोपळ्या," म्हटलं, आणि थांबले. थांबायचं नव्हतं तिथे. मी कधीच तिथे थांबत नसे, मी एका दमात ओरडायचे. तो मंचावर थांबला होता. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याचाच सूर आला, त्याचाच खालचा आवाज, रेंजहिलवर त्याने दिलेला तोच हेल.

"असं नाही," आई म्हणाली. "हे त्याचं झालं. तू म्हणायचीस तसं म्हण."

मी आणखी एकदा प्रयत्न केला.

"राहू दे," आई म्हणाली. "आठवेल."

अजून आठवलेलं नाही.